पुस्तकाला पहिली काडी कोण लावतं?

शहाडमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरात रमजानच्या आधी साफसफाई निघाली. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली. आत आजोबांची पुस्तकं होती. आजोबा रेयॉन कंपनीत कामाला होते. पगार झाला की भेंडीबाजारात जायचे आणि एखादं पुस्तक घेऊन यायचे. पेटीत उर्दू कादंबऱ्या होत्या, सीरतवरची दोन-तीन पुस्तकं, कामगार चळवळीच्या पुस्तिका, मराठीतलं भारताचं संविधान आणि मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाची एक प्रत.

घरातल्या अब्बांनी सगळं चाळून पाहिलं आणि म्हणाले, "रद्दीत देऊन टाका. उगाच कटकट कशाला?"

मुलगा कायद्याचं शिक्षण घेतोय. तो म्हणाला, "अब्बा, यातल्या एकाही पुस्तकावर बंदी नाही."

"ते तुला माहीत, मला माहीत. उद्या दारात कोणी आलं तर त्याला माहीत असेल का?"

या घरावर कोणी छापा घातला नव्हता. कोणत्याही सरकारने काही जप्त केलं नव्हतं. तरी एका वाचणाऱ्या माणसाची आयुष्यभराची पुस्तकं किलोच्या भावाने निघाली होती. बंदी म्हटलं की आपल्याला सरकारी हुकूम आठवतो. पण पुस्तकं नाहीशी होण्याचे आणखी बरेच रस्ते आहेत, आणि त्यातले काही आपल्या मोहल्ल्यातून, आपल्या घरातूनही जातात. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

कादंबऱ्यांनी आधीच सांगितलेली गोष्ट

विसाव्या शतकात काही लेखकांनी भविष्यातल्या भयाण समाजाच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या तीन आजही जगभर वाचल्या जातात.

पहिली आल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२). तिच्यातल्या समाजाला करमणूक आणि गोळ्या यांत इतकं गुंगवून ठेवलंय की गंभीर पुस्तक वाचावं असं कोणाला वाटतच नाही. दुसरी जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' (१९४९). तिचा नायक सरकारच्या 'सत्य मंत्रालयात' नोकरी करतो. जुन्या वर्तमानपत्रातल्या बातम्या सत्तेच्या सोयीने बदलायच्या आणि मूळ कागद भट्टीत टाकायचा, हे त्याचं काम.

तिसरी रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३). कागद पेट घेतो ते तापमान म्हणून हे नाव. तिच्यात अग्निशमन दलाचे जवान आग विझवत नाहीत, लावतात. कुणाच्या घरात पुस्तकं असल्याची खबर आली की बंब निघतो आणि घरासकट पुस्तकं जाळतो. खबर बहुतेक वेळा शेजारी देतात.

या कादंबरीतला एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. जवानांचा कॅप्टन नायकाला जाळपोळीचा इतिहास समजावून सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार सुरुवात सरकारने केली नव्हती. आधी या गटाला एक पुस्तक टोचलं, मग त्या गटाला दुसरं. कुणाचं मन दुखावू नये म्हणून प्रकाशक पानं गाळू लागले, पुस्तकं पातळ झाली, लोकांनी वाचणं सोडलं. सरकार शेवटी आलं आणि लोकांनी मागितलेलंच काम त्याने पगारी माणसांकडे सोपवलं.

पुढे तर खुद्द या कादंबरीवरच ही वेळ आली. अमेरिकेत शाळांसाठी काढलेल्या तिच्या आवृत्तीत प्रकाशकाने लेखकाला न विचारता अनेक जागी शब्द बदलले होते. ब्रॅडबरीला हे बऱ्याच वर्षांनी कळलं, तेव्हा मूळ मजकूर परत छापायला लावला. ऑर्वेलचं नशीबही असंच. २००९ मध्ये अॅमेझॉनने विकलेल्या '१९८४' च्या ई-प्रती हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. नंतर कंपनीने माफी मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक रात्रीत गायब होऊ शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

'फॅरनहाइट ४५१' च्या शेवटी गावाबाहेर राहणारी काही माणसं भेटतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक पाठ केलेलं असतं. कागद जळाला तरी मजकूर छातीत राहतो. ज्या समाजात गल्लोगल्ली हाफिज मुलं भेटतात, त्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. मजकूर टिकवण्याची ही वाट आपण चौदाशे वर्षं चालवतो आहोत. पण सगळीच पुस्तकं पाठ करता येत नाहीत. बाकीच्यांना कपाट लागतं, आणि कपाट उघडं ठेवायला धीर लागतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत काय झालं

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकाचं. छत्रपती शिवाजी महाराजांवरचं हे इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यातल्या काही मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. मजकूर आक्षेपार्ह होता असं अनेक नामवंत इतिहासकारांचंही मत होतं. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने पुस्तक भारतातल्या बाजारातून मागे घेतलं. म्हणजे निषेधाचा हेतू एका अर्थी साध्य झाला होता.

पण प्रकरण तिथे थांबलं नाही. डिसेंबरमध्ये लेनने ज्यांचे आभार मानले होते त्या पुण्याच्या एका संस्कृत विद्वानाच्या तोंडाला काळं फासलं गेलं. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथे बसून लेनने संशोधन केलं, एवढाच तिचा गुन्हा. जमावाने कपाटं पाडली, जुनी हस्तलिखितं आणि ग्रंथ फाडले, तुडवले. ज्या पुस्तकावर राग होता त्याच्याशी या ग्रंथांचा काडीचा संबंध नव्हता.

त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. लेखक, प्रकाशक आणि छापणाऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला. तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये रद्द केला. तो खटला कायद्याच्या पुस्तकांत 'मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जातो, कारण प्रकाशकाच्या बाजूने गुन्ह्याला तोंड देणारे मंझर सईद खान होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदीही रद्द केली. त्यासाठी कोर्टात गेलेल्यांमध्ये संघराज रूपवते आणि चित्रपटकार आनंद पटवर्धन होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै २०१० मध्ये तिथेही हरलं. न्यायालयाने एक साधी गोष्ट विचारली होती. पुस्तकामुळे दोन गटांत वैर पसरेल असं सरकार म्हणतं, तर ते दोन गट नेमके कोणते? सरकारच्या हुकुमात त्याचं उत्तर नव्हतं.

बंदी घालायला काही दिवस पुरले. ती कायमची उठायला सहा वर्षं लागली. फाटलेली हस्तलिखितं तर कोणत्याच निकालाने परत येत नाहीत.

कायदा नेमकं काय सांगतो

आपल्याकडे 'या पुस्तकावर बंदी आहे' असं व्हॉट्सअॅपवर सहज फिरतं. कायद्याने बंदी कशी येते, हे प्रत्येक वाचणाऱ्याला माहीत असावं.

राज्य सरकारला एखादं पुस्तक, वर्तमानपत्र किंवा कागद जप्त करण्याचा अधिकार आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणं द्यावी लागतात. कारणं नसतील किंवा मोघम असतील तर बंदी कोर्टात टिकत नाही. पुस्तकाशी हितसंबंध असलेला माणूस दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागू शकतो, आणि ती सुनावणी तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे होते.

मजकूर घातक आहे का, हे ठरवायचं कोणाच्या नजरेने? याचं उत्तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी देऊन ठेवलंय. विचारी, खंबीर मनाच्या माणसावर त्या शब्दांचा काय परिणाम होईल ते पाहायचं. प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसाची कसोटी लावायची नाही. सर्वोच्च न्यायालय आजही हीच कसोटी वापरतं.

म्हणजे कोर्ट कायम पुस्तकाच्याच बाजूने असतं का? तसंही नाही. आर. व्ही. भसीन नावाच्या वकिलाच्या इस्लामवरच्या पुस्तकावर राज्य सरकारने २००७ मध्ये बंदी घातली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ती कायम ठेवली. निकालाचा आशय असा, की धर्मावर टीका करायला या देशात मोकळीक आहे, इस्लामही त्याला अपवाद नाही. पण हे पुस्तक अभ्यास म्हणून लिहिलेलं नसून मुस्लिमांविरुद्ध द्वेष भडकवण्यासाठी लिहिलेलं आहे. टीका आणि द्वेष यांच्यात रेघ आहे. ती कोर्टाने, पुस्तक पूर्ण वाचून, कारणं देऊन ओढायची असते. जमावाने ओढायची नसते.

कलम २९५-अ चा उलटा प्रवास

आता थोडी कडू वाटेल अशी गोष्ट.

१९२४ मध्ये लाहोरला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी एक अपमानकारक पुस्तिका निघाली. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने तिच्या प्रकाशकाला सोडून दिलं, कारण धर्मसंस्थापकाच्या अपमानाला लागू पडेल असं कलमच तेव्हा नव्हतं. मुस्लिम समाजात मोठा संताप उसळला आणि त्याच वर्षी भारतीय दंड विधानात कलम २९५-अ आलं. धार्मिक भावना जाणूनबुजून, द्वेषाने दुखावणाऱ्याला शिक्षा. प्रामाणिक अभ्यासक आणि टीकाकार यात अडकू नयेत, असा इशारा कायदा होतानाच दिला गेला होता. आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे.

मग या कलमाचा वार कोणावर झाला? १९३२ च्या शेवटी लखनौला 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह निघाला. लिहिणारे चौघेही तरुण मुस्लिम होते: सज्जाद जहीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर. समाजातूनच आरडाओरड झाली आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या इंग्रज सरकारने २९५-अ चा आधार घेऊन पुस्तक जप्त केलं. ज्या कलमासाठी समाज सहा वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरला होता, त्याखाली आता त्याच समाजातल्या लेखकांचं पुस्तक गेलं.

तीच गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुंब्र्याला घडली. जानेवारी २०१५ मध्ये 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसच्या हल्ल्यानंतरच्या बातमीसोबत शार्ली एब्दोचं मुखपृष्ठ छापलं. ते पाहून लोकांना दुःख झालं, आणि ते दुःख खरं होतं. संपादकांनी दुसऱ्याच दिवशी छापील माफी मागितली. तरी वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी झाल्या. मुंब्रा पोलिसांनी २९५-अ खाली अटक केली, जामीन मिळाला. मुंबई आवृत्ती बंद पडली आणि तिथे काम करणाऱ्यांचा रोजगार गेला. उर्दू वर्तमानपत्राच्या संपादकपदी असलेल्या मोजक्या महिलांपैकी एक बाई आपल्याच वस्तीतलं घर सोडून लपून राहिली. याच शिरीन दळवींनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या निषेधार्थ आपला राज्य उर्दू अकादमीचा पुरस्कार परत केला. समाजावर वेळ आली तेव्हा त्या समाजासोबत उभ्या होत्या. त्यांच्यावर वेळ आली तेव्हा आपण कुठे होतो?

याच्या साधारण दोन वर्षांपूर्वीचं पालघर आठवून बघा. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली आणि जमावाने एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली. तेव्हा आपण सगळे म्हणालो, हा अन्याय आहे. पुढे त्यातूनच वाद न्यायालयात गेला आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं.

पालघर आणि मुंब्रा एकेकाळी एकाच जिल्ह्यातली गावं. दोन्हीकडे भावना दुखावल्याची तक्रार, दोन्हीकडे पोलीस, दोन्हीकडे एक एकटी पडलेली मुलगी किंवा बाई. फरक एवढाच की एका ठिकाणी जमाव त्यांचा होता, दुसऱ्या ठिकाणी आपला.

घरात पुस्तक ठेवणं गुन्हा आहे का

शहाडच्या त्या अब्बांची भीती हवेतून आलेली नाही. 'आक्षेपार्ह साहित्य सापडलं' ही ओळ आपण बातम्यांत इतक्यांदा वाचली आहे की आता कपाटाकडेच संशयाने पाहतो.

भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये मुंबईचे व्हर्नन गोन्साल्विस आणि ठाण्याचे वकील अरुण फरेरा यांना अटक झाली. गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत, ऑगस्ट २०१९ मध्ये, घरात सापडलेल्या पुस्तकांवर कोर्टात प्रश्न आले, आणि 'वॉर अँड पीस' हे नाव देशभर गाजलं. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की ते टॉलस्टॉयचं पुस्तक नव्हतं, जंगलमहालवरचं दुसरंच होतं. लोक हसले. पण दोघेही पाच वर्षं आत होते.

२८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना जामीन दिला. तेव्हा न्यायालयाने स्पष्ट केलं की साहित्य नुसतं जवळ बाळगणं, अगदी त्यात हिंसेचं समर्थन असलं तरी, एवढ्यावरून यूएपीए कायद्याखालचा दहशतवादी कृत्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. हे वाक्य प्रत्येक वाचणाऱ्या घराने लक्षात ठेवावं.

याचा अर्थ धोका संपला असा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने त्याच कलम ९८ खाली एकदम २५ पुस्तकं जप्त जाहीर केली. त्यात आपल्या मुंबईचे दिवंगत कायदेपंडित ए. जी. नूरानी यांचंही पुस्तक आहे. नूरानींनी आयुष्यभर संविधान आणि नागरी हक्कांवर लिहिलं. असा माणूस यादीत येतो तेव्हा 'बंदी फक्त वाईट पुस्तकांवर येते' हा भरवसा ठेवता येत नाही.

मग अपमान मुकाट्याने सोसायचा का?

हा प्रश्न रास्त आहे. द्वेष पसरवणाऱ्या पुस्तकाविरुद्ध कायदेशीर तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे आणि भसीन प्रकरणात त्याचा उपयोगही झाला. पण त्याआधीची एक जुनी वाट आपण विसरलो आहोत.

१८५८ ते १८६१ मध्ये विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने प्रेषितांचं (स.) चार खंडी चरित्र लिहिलं. त्यातले आरोप वाचून सर सय्यद अहमद खान अस्वस्थ झाले. पुढे म्यूर त्यांच्याच प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. सर सय्यदनी मोर्चा काढला नाही. कर्ज काढून १८६९ मध्ये ते लंडनला गेले, तिथल्या ग्रंथालयांत बसून मूळ साधनं धुंडाळली आणि १८७० मध्ये इंग्रजीत उत्तराचं पुस्तक छापलं. म्यूरला पुस्तकानेच जबाब मिळाला, आणि अभ्यासकांना आजही दोन्ही बाजू समोर ठेवून वाचता येतात.

खरं तर याहून मोठा दाखला प्रत्येक मुस्लिम घरात आहे. कुरआनमध्ये विरोधकांचे आरोप गाळलेले नाहीत. प्रेषितांना (स.) ते कवी म्हणाले, वेडा म्हणाले, रचलेल्या गोष्टी सांगतो म्हणाले. हे सगळं कुरआनमध्ये नोंदलेलं आहे आणि तिथेच त्याला उत्तर दिलेलं आहे. ज्या ग्रंथाचा पहिला आदेशच वाचनाचा, त्याच्या अनुयायांनी न वाचलेल्या पुस्तकावर रागावणं शोभत नाही.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. एखाद्या पुस्तकाविरुद्ध सही मागायला कोणी आलं तर आधी विचारा, तुम्ही वाचलंय का? पान कोणतं? बंदीचा मेसेज आला तर अधिसूचना कुठे आहे ते विचारा. मजकूर खोटा असेल तर उत्तर लिहा, मराठीत लिहा, कारण आपल्याविषयीचे गैरसमज मराठीतच जास्त फिरतात. मुलांना वाचनालयाचं सभासद करा. शहाडपासून एका स्टेशनावर कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून सुरू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. मस्जिदीच्या किंवा जमातीच्या जागेत एक कपाट ठेवा. त्यात आपल्या मताची पुस्तकं ठेवा आणि आपल्या विरोधी मताचीही ठेवा.

त्या शहाडच्या घरातली सगळी पुस्तकं वाचली नाहीत. मुलगा संध्याकाळी रद्दीवाल्याकडे गेला तोवर निम्मी पुढे गेली होती. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल, संविधान आणि दोन उर्दू कादंबऱ्या मिळाल्या. त्या किलोच्याच भावाने परत आणल्या. आता त्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात आहेत. अब्बा अजूनही म्हणतात, वरच्या फळीवर ठेव, दारातून दिसेल असं नको.

मुलाने त्या समोरच्याच फळीवर ठेवल्या आहेत.